डोंगराखालचं कोर्लई

अलिबागहून मुरुडकडे निघालेली एसटी रेवदंड्याच्या पुलावर चढते आणि अर्धी बस उजवीकडच्या खिडक्यांकडे वळते. डाव्या हाताला कुंडलिकेची खाडी, उजव्या हाताला समुद्र आणि खाडीच्या तोंडाशी थेट पाण्यात शिरलेला लांबट, उघडाबोडका डोंगर. माथ्यावर तटाची रेघ दिसते. कंडक्टर मात्र तिकडे बघतही नाही. त्याला साळावला कारखान्याची माणसं उतरवायची आहेत, आणि ती आधीच डबे सावरत दाराशी जमली आहेत.

हा डोंगर पाहायला लोक येतात. मीही आले आहे, पण डोंगर हा माझा अर्धाच बेत आहे.

मागे वळून पाहिलं तर रेवदंड्याच्या माडांतून सातखणी बुरूज डोकं काढून उभा दिसतो. त्याच्यामागे चौल. आज चौल म्हणजे वाड्या, देवळं आणि पोखरणी असलेलं शांत गाव आहे, पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचं मातब्बर बंदर होतं. टॉलेमीनं ज्याला सिमिल्ला म्हटलं ते हेच, असं इतिहासकार मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल् मसूदी इथे येऊन गेला, तेव्हा राज्य शिलाहारांचं होतं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन इथेच उतरला आणि पुढे जुन्नरला गेला. रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. घोडे आत, कापड बाहेर, असा इथला व्यापार. त्या व्यापाराच्या वासावर पोर्तुगीज आले. 1508 मध्ये चौलच्या पाण्यातच इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी त्यांना चोपलं आणि व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू इथे मारला गेला. तरी ते हटले नाहीत. 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीनं त्यांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. खाडीपलीकडचा हा डोंगर मात्र अजून मोकळाच होता.

बस कोर्लईच्या फाट्यावर थांबते. मार्च संपत आलाय, त्यामुळे रस्त्याकडेच्या टपरीवर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या आहेत. टपरीवाली बाई न विचारताच सांगते, ‘किल्ल्याला जायचं तर सरळ खाली. बंदरावरून रस्ता दीपगृहाला जातो.’ गावात काही आहे का पाहण्यासारखं, असं विचारल्यावर ती जरा गोंधळते. ‘गावात काय, घरं आहेत.’

खाली उतरणारी गल्ली अरुंद आहे. कौलारू घरं, मधेमधे स्लॅबचे नवे मजले, शेणानं सारवलेली एखादी उरलीसुरली ओटी. एका अंगणात तुळस, दोन घरं सोडून दुसऱ्या अंगणात चुन्यानं रंगवलेला क्रूस आणि त्याच्या पायाशी ताजी जास्वंद. इथे कोळी आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. बाहेरून आलेल्याला एका पाड्याची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते कळत नाही. गावातल्यांना मात्र बरोबर माहीत असतं.

बंदरावर ओहोटी आहे. रंगीत होड्या एका कुशीवर कलंडून ओल्या वाळूत बसल्यात. रात्रभराचं म्हावरं केव्हाच गेलंय, उरलंसुरलं वाट्यांनी विकायला बसलेल्या दोघी-तिघी जणी आता आपसांतच बोलतायत. पलीकडे जुनं जाळं अंथरून त्यावर जवळा वाळत घातलाय. गुलाबी-करड्या थरावर एक पोरगी खराटा फिरवते आणि कावळ्यांना शिव्या घालते. त्याच्यापुढे बोंबिलांच्या वलांडी. बांबू उभे करून आडव्या ताणलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जोडीजोडीनं लटकवलेले बोंबील.

मी जवळ जाऊन पाहते. पाटीतून दोन बोंबील एकदम उचलायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर फेकायची. एक इकडे, एक तिकडे. बोंबलाचे दात बारीक पण आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे एकदा अडकला की वाऱ्यानंही सुटत नाही. करणाऱ्या बाईचं लक्ष हाताकडे नाहीच. ती माझ्याकडे बघत विचारते, ‘किल्ला बघाया आयलीस काय गो?’ हो म्हटल्यावर, ‘मंग लवकर जा. वरती सावली नाय. पानी हाय ना बरूबर?’ तेवढ्यात तिच्या हातून आणखी चार जोड्या दोरीवर गेलेल्या असतात.

दीपगृहाचा रस्ता डोंगराच्या पश्चिम अंगानं जातो. डावीकडे खाली काळा कातळ आणि त्यावर फुटणारं पाणी, उजवीकडे चढ. दीपगृह 1955 चं. लाल-पांढरं, नीटनेटकं, सरकारी रंगाच्या वासाचं. नाममात्र फी घेऊन आत सोडतात. कर्मचारी सौजन्यानं दिवा दाखवतो, भिंगांचं काम समजावून सांगतो आणि शेवटी सांगतो की हल्ली मोठ्या बोटींचं काम उपग्रहावर चालतं, पण आपल्या होड्यांना अजून हाच. त्याच्या ‘आपल्या’त अभिमान आहे. तो स्वतः दूरच्या कुठल्या तरी राज्यातला आहे, बदलीवर आलेला.

दीपगृहामागून पायऱ्या चढतात. बोंबीलवाली बाई खरं बोलली होती, सावली नाही. वर पोचेपर्यंत घशाला कोरड पडते, आणि मग एकदम दोन्ही बाजूंनी वारा लागतो.

किल्ला विलक्षण अरुंद आहे. उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला, पण रुंदी अशी की मधे उभं राहिलं तर पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला खाडी, फक्त मान वळवायची खोटी. एकामागे एक दरवाजे आणि आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे केलेत. एक कप्पा पडला तरी मागच्यात उभं राहून लढता यावं, असा हिशोब. उत्तर टोकाला, अगदी पाण्याशी, तोफांची जागा आहे. तिला ‘क्रुसाची बातेरी’ म्हणतात. त्या नावात पोर्तुगीज किती आणि मराठी किती, हे वेगळं काढता येणार नाही.

डोंगर मोकळा राहिला तो 1594 पर्यंत. त्या वर्षी दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानं इथे किल्ला बांधायला घेतला. माथ्यावरची तोफ थेट खाडीच्या तोंडावर रोखलेली, म्हणजे रेवदंड्याच्या पोर्तुगिजांच्या गळ्याशी हात. त्यांनी वाट पाहिली नाही. सप्टेंबरात मोठी कुमक जमवून चढाई केली. पोर्तुगीज नोंदी सांगतात की निजामशाहीचे लोक दरवाजा लावायला धावले, पण जखमी हत्ती दारातच आडवा झाल्यानं तो लागेना. मी दरवाजाच्या उंबऱ्यावर उभी राहून हत्तीची जागा मनात मोजते. एवढ्याशा दारात हत्ती आला कसा, हाच आधी प्रश्न पडतो. पण लढाईच्या हकिकतींना असले प्रश्न विचारायचे नसतात.

मधल्या कप्प्यात चर्च आहे, म्हणजे भिंती आहेत, छप्पर नाही. वेदीच्या जागी रानगवत माजलंय, कमानीवर मात्र वळसे अजून धारदार. जवळ पोर्तुगीज अक्षरांचे आणि राजचिन्हाचे दगड, गंजलेल्या तोफा, गोड्या पाण्याचं टाकं. आणि चर्चपासून हाकेच्या अंतरावर महादेवाचं छोटं देऊळ, पुढ्यात वृंदावन. पिंडीवर कुणीतरी आज सकाळीच बेल वाहिलाय.

हे देऊळ इथे आलं त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं चौल-रेवदंड्याला वेढा घातला, पण ठाणं हाती आलं नाही. मग 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगिजांची कंबर मोडली. इकडे कोर्लईवर मराठ्यांचे सुभानराव माणकर होते. 1740 च्या तहानं चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. बुरुजांची संतांची नावं गेली, देवांची आली. 1818 नंतर इंग्रज, आणि मग कोणीच नाही.

एक तरुण टोळकं मोबाइलवर चित्रण करतंय. त्यातला एक जण तोफेवर पाय ठेवून पाठ केलेलं बोलतोय, ‘आणि मग मराठ्यांनी पोर्तुगिजांना कायमचं हाकलून लावलं.’ चूक म्हणता येत नाही. पण वाक्य जिथे संपतं तिथूनच मला या गावात रस आहे. तहानंतर पोर्तुगीज गेले म्हणजे कोण गेले? कप्तान गेला, पाद्री गेले, ज्यांना गोव्यात जाऊन काही मिळण्यासारखं होतं ते गेले. शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं केली होती, त्यांची पोरंबाळं होती, बाप्तिस्मा घेतलेले शेतमजूर होते, घरगडी होते. ही माणसं कुठे जाणार? ती राहिली, या डोंगराच्या पायथ्याशी.

दक्षिणेच्या तटावरून त्यांचा पाडा दिसतो. माडांच्या झावळ्यांतून डोकावणारी कौलं आणि मधे चर्चचा पांढरा दर्शनी भाग. मी उतरते.

खाली आल्यावर पहिल्यांदा ऐकू येतं ते भांडण. एका ओट्यावर म्हातारी बसलीय, गुडघ्यात डोकं घालून सूप पाखडणारी तिची सून शेजारी, आणि अंगणात एक कोंबडी, जी पुन्हापुन्हा सुपाकडे येते. म्हातारी कोंबडीला जे बोलते त्यातलं अक्षर मला कळत नाही. चाल ओळखीची आहे. वाक्याचा चढउतार अगदी आपल्या अलिबाग-मुरुडच्या बायकांचा, पण शब्द परके. तेवढ्यात दारावर मासेवाली येते. म्हातारी तिच्याशी ठसक्यात कोळी वळणाची मराठी बोलते, भाव पाडून घेते. मग तिची नजर माझ्याकडे जाते आणि ती तिसऱ्याच, शाळेतल्या बाईंसारख्या मराठीत म्हणते, ‘या ना, बसा. उन्हाचं वर जाऊन आलात वाटतं?’

तीन मिनिटांत तीन बोल्या, आणि मधे श्वासही घेतलेला नाही.

पाणी येतं, मग चहा येतो. सून आतून अंडी घेऊन येते, कुणाला तरी द्यायची आहेत. म्हातारी टोपलीत एकेक ठेवत मोजते. ‘ऊं, दो, त्रे, क्वात’, आणि पाचवं अंडं उचलताना, ‘पाच, सहा, सात...’ मी थांबवते. परत मोजाल का? ती हसते, पण मोजते. तसंच. चारपर्यंत पोर्तुगिजांचे आकडे, पाचपासून आपले. का असं, विचारल्यावर ती टोपलीकडे बघत म्हणते, ‘आमच्यात असंच मोजतात, ताई.’ मला वाटतं, घरात मोजायच्या वस्तू चारांत संपत असाव्यात. पाच म्हटलं की बाजार आला, आणि बाजार मराठीच होता. हा माझा तर्क, तिचा नव्हे.

या बोलीला इथले लोक ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि जवळजवळ सगळे या एका पाड्यात. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी वर्षानुवर्षं कोर्लईला येऊन तिचा अभ्यास केला, 1996 मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यातून जे दिसतं ते ओट्यावर बसूनही ऐकू येतं. पोर्तुगीज माणूस ‘मी खातो भात’ अशा क्रमानं बोलतो. कोर्लईकर क्रियापद हळूहळू वाक्याच्या शेवटी नेऊ लागले, आपल्यासारखे. शब्दांचा साठा बराचसा लिस्बनचा, आणि वाक्याचा सांगाडा इथल्या अलिबाग-मुरुडच्या मराठीचा. म्हणून तर चाल ओळखीची वाटते.

वसईपासून चौलपर्यंत अशा पोर्तुगीज मिश्र बोल्या एके काळी किनाऱ्यावर होत्या. गोव्याचे भाषापंडित मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दलगादो यांनी 1906 मध्ये या ‘उत्तरेकडच्या’ बोलीची नोंद करून ठेवली. मुंबई-वसईकडची ती पुढे विरली. दमण-दीवला तिची भावंडं अजून आहेत, पण तिथे पोर्तुगीज सत्ता 1961 पर्यंत होती. गोव्यात तर साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राहिले आणि घराघरात कोकणीच बोलली गेली. इथून ते 1740 मध्येच गेले, आणि बोली राहिली. राज्यकर्त्यांच्या जोरावर भाषा टिकते, हे आपण सहज म्हणून टाकतो. या ओट्यावर बसून ते म्हणवत नाही.

कशी टिकली? अभ्यासक सांगतात ते कारण साधं आहे. धर्मानं हे लोक शेजारच्या हिंदू-मुसलमानांहून वेगळे पडले आणि सोयरीक आपापसांतच राहिली. भातशेती, माडाची देखभाल, मजुरी. गाव सोडायचं कारण नव्हतं आणि ऐपतही नव्हती. बोलीचं कौतुक करताना हे विसरायला नको की ती टिकवणारी गोष्ट गरिबी होती. आमच्यासारखे पाहुणे येऊन ‘किती छान जपलंय’ म्हणतात. म्हातारीनं काही जपलेलं नाही. तिच्याकडे दुसरी भाषा घरात बोलायला नव्हती, एवढंच.

‘चर्च बघायचंय?’ सून विचारते आणि माझ्याबरोबर निघते. चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं. सण 16 जुलैला, म्हणजे ऐन पावसात, मासेमारी बंद असताना, लावणीच्या धांदलीत. आत गार आहे, मेणाचा आणि ओल्या भिंतीचा वास आहे. बाकावर ठेवलेलं गाण्यांचं पुस्तक मी उघडते. देवनागरी. मिस्सा मराठीत होते, उपदेश मराठीत. म्हातारीच्या लहानपणी प्रार्थना पोर्तुगीजमधून असायच्या, तिला त्या अजून येतात, अर्थ सगळा येत नाही. घरची बोली मात्र वेदीपर्यंत कधीच गेली नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.

मागच्या दफनभूमीत क्रुसांवर ‘कै.’ लिहून पुढे नावं आहेत. रोझारिओ, रोचा, पेना, मार्तीस. ‘कैलासवासी रोचा’ वाचून मला हसू येतं, आणि सूनबाईंना माझं हसू कळत नाही. त्यांच्या लेखी कै. म्हणजे वारलेला माणूस, दुसरं काय लिहिणार?

परतताना तिचा मुलगा भेटतो, दप्तर पाठीवर, दहाबारा वर्षांचा. आई त्याला बोलीत काहीतरी विचारते, तो मराठीत उत्तर देतो. पुन्हा विचारते, पुन्हा मराठी. ‘समजतं सगळं,’ ती मला सांगते, ‘बोलायला लाजतो. शाळेत पोरं चिडवतात.’ कशावरून चिडवतात ते बोलीच्या नावावरूनच ओळखता येईल. मोठा मुलगा मुंबईला कामाला आहे, त्याची बायको वसईकडची. तिला ही बोली येत नाही आणि शिकायचं कारणही नाही. घरात सगळे मराठी बोलतात. सून हे सांगते त्यात तक्रार नाही. ‘त्यांचं बरं चाललंय,’ एवढंच म्हणते.

बरं चाललंय हे खरं आहे. पूल झाला, कारखाना आला, नोकऱ्या आल्या. आता किनाऱ्यानं रेवस-रेड्डी महामार्गाचं काम आहे, त्यामागून आणखी घरगुती निवास आणि हॉटेलं येतील. कोर्लईच्या लोकांनी एका बोलीसाठी गरीब आणि एकटं राहावं, असं म्हणण्याचा हक्क मला नाही. पण एक गोष्ट खटकते. डोंगरावरच्या प्रत्येक दगडाची माहिती सांगणारे आता भरपूर झाले आहेत. खाली मात्र या बोलीत एक बालगीतांचं पुस्तकही गावच्या शाळेत मला आढळत नाही. देवनागरीत लिहायला अडचण नाही, मुलं ती लिपी वाचतातच. म्हातारीला गाणी येतात, लग्नातली, पाळण्याची. तिच्या वयाच्या अजून काही जणी पाड्यात आहेत. एखाद्या शिक्षकानं आणि एका महाविद्यालयाच्या मराठी विभागानं दोन उन्हाळे दिले तर हे काम होण्यासारखं आहे. मराठी विभागच म्हणते, कारण ही बोली जेवढी पोर्तुगिजांची उरली आहे त्याहून जास्त ती आता आपली आहे.

तोपर्यंत, तुम्ही कोर्लईला जाल तर किल्ला सकाळीच उरका आणि पाणी न्या. मग वाटेत थांबून पाड्यात जा. चर्च उघडं असलं तर चपला काढून आत बसा. कुणी ओट्यावर बोलावलं तर जा, पण ‘ती भाषा जरा बोलून दाखवा ना’ म्हणत तोंडासमोर मोबाइल धरू नका. असे बरेच येऊन गेलेत, आणि म्हातारी त्यांना शुद्ध मराठीत वाटेला लावते. अंडी विकत घ्या. अर्धा डझन मागा, म्हणजे मोजताना दोन्ही भाषा ऐकायला मिळतील.